अनोळख्याचा अभिप्राय

दिवाळीत कोणाच्या घरी गेले आणि फराळाचे ताट पुढे आले, की मत देणे भाग पडते. चकली जरा नरम पडली आहे हे जिभेला कळलेले असते. तोंड मात्र "छान झालीय हो" असेच म्हणते. याला खोटे बोलणे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. विचारणाऱ्या बाईला चकलीची परीक्षा नको असते. आपण आलो, बसलो, खाल्ले, याची पोच तिला हवी असते. चकली खरोखरच बिघडली असेल तर ते सांगायला घरात सासू असते, नणंद असते, आणि मुले तर असतातच. मत कोणी, कोणाला आणि कशासाठी द्यायचे, हे आपल्या घरांतून न लिहिता ठरून गेलेले आहे.

उंबऱ्याबाहेर पडले की हा सगळा हिशेब बदलतो. ज्याच्या खिशात मोबाईल आहे असा कोणीही आज मिक्सरला, खानावळीला, विमान कंपनीला पाचपैकी तारे देतो, खाली चार ओळी खरडतो आणि पुढच्या कामाला लागतो. त्या चार ओळी त्याला कधीही न भेटणारी माणसे वाचतात आणि त्यांवरून आपले पैसे कोठे खर्चायचे ते ठरवतात. या चार ओळी लिहिताना आपल्यावर कोणते बंधन असते? की काहीच नसते?

बुलढाणा जिल्ह्यात मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सुलतानपूर नावाचे गाव आहे. येथून लोणारचे सरोवर दहा-बारा किलोमीटरवर. सरोवर पाहायला निघालेला मुंबई-पुण्याचा माणूस अशा गावाच्या फाट्यावर चहाला किंवा जेवायला थांबतो, तो बहुधा आयुष्यात एकदाच. भाकरी, पिठले, भरीत, ठेचा पुढे येतो, नाकातोंडातून पाणी वाहते, आणि गाडीत बसल्या बसल्या तो लिहितो, "जेवण फार तिखट. दोन तारे." या वाक्यात जेवणाविषयी फारच थोडी माहिती आहे. बरीचशी माहिती लिहिणाऱ्याच्या जिभेविषयी आहे. विदर्भातल्या गावात ठेचा तिखट लागला, ही तक्रार सरोवर खोल निघाले या तक्रारीइतकीच खरी!

खुद्द लोणारचीही यातून सुटका नाही. आकाशातून पडलेल्या पाषाणाने बेसॉल्टच्या खडकात केलेले ते विवर. त्याचा व्यास जवळजवळ पावणेदोन किलोमीटर. 2020 च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले आणि देशभर त्याचा बोलबाला झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. पुढे तो ओसरला. आता गुलाबी पाणी मनात धरून आलेल्या प्रवाशाने हिरवट पाणी पाहून एक तारा कापला, तर तो कोणाचा कापला? उल्केचा, की सूक्ष्मजीवांचा? आकाशातून पडलेल्या वस्तूच्या खड्ड्याला माणसाने तारे द्यावेत, ही गंमत मात्र मला आवडते.

येथे एक भेद केला पाहिजे. मिक्सर एकाच साच्यातून हजारोंनी निघतो. नागपुरात एकीच्या मिक्सरचे भांडे चार महिन्यांत गळू लागले, तर माझे गळण्याचा संभव वाढतो. तिचे मत माझ्या उपयोगी पडते. कारखान्याचा मालकही मनाला लावून घेत नाही. त्याला पगारी माणसे असतात. फाट्यावरची भाजी तशी नाही. ती आज एकाने केली, उद्या त्याची बायको करील. आज वांगी ताजी होती, उद्या नसतील. एका दुपारच्या अनुभवावरून त्या चुलीचा कायमचा निकाल लावता येत नाही. विमानाचे म्हणाल तर ते दोहोंच्या मध्ये आहे. धुक्याने चार तास खोळंबलेला माणूस कंपनीला शून्य द्यायला निघतो, तेव्हा त्यातले पुष्कळसे शून्य धुक्याच्या वाट्याचे असते. पण त्या चार तासांत कोणी येऊन विचारपूस केली नाही, हे मात्र कंपनीचेच.

विमानावरून जे. आर. डी. टाटा आठवतात. 1953 पासून 1978 पर्यंत ते एअर इंडियाचे अध्यक्ष होते. प्रवासात ते साधे प्रवासी होऊन बसत, बारीकसारीक उणिवा टिपून ठेवीत आणि उतरल्यावर त्यांच्या चिठ्ठ्या अधिकाऱ्यांच्या टेबलांवर जाऊन पडत. चहा आणि कॉफी यांचा रंग ओळखू येण्याइतका वेगळा नाही, इथपर्यंत त्यांच्या तक्रारी बारीक असत. वस्तूंच्या अभिप्रायाचा इतका चोख नमुना मला दुसरा ठाऊक नाही. चिठ्ठीखाली नाव होते, जे पाहिले तेवढेच लिहिलेले होते आणि ती जो दुरुस्ती करू शकतो त्याच्याच हाती जात होती. अर्थात ते अध्यक्ष होते. त्यांची चिठ्ठी वाचल्यावाचून चालण्यासारखे नव्हते. तुमच्या-माझ्या चिठ्ठीचे तसे नाही, आणि खरी अडचण येथेच आहे.

निंदक शेजारी असावा असे आपल्याकडे म्हणतात. त्यातल्या 'शेजारी' या शब्दाकडे आपण नीट पाहत नाही. शेजारी उद्या पुन्हा भेटणार असतो, म्हणून त्याचे बोलणे तोलून-मापून येते. सुलतानपूरच्या माणसाने गावातल्या हॉटेलवाल्याला "तेल बदल रे बाबा" म्हटले, तर संध्याकाळी त्याच बाकावर बसून त्याला चहा प्यायचा असतो. परगावच्या माणसाला ती काळजी नाही. तो निघून जातो. हॉटेलवाला मात्र तेथेच राहतो, आणि ते दोन तारेही त्याच्या नावापुढे राहतात. समृद्धी महामार्ग 2022 पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि दूरची वाहतूक त्या बाजूला वळली. जुन्या रस्त्यावर जो थोडा परका प्रवासी उरला, तो गाडी थांबवण्याआधी तारे मोजणार. अशा वेळी ते दोन तारे म्हणजे कोणाच्या तरी घरचे पीठ-मीठ असते.

पण शेजाऱ्याची बाजू एवढ्यावर मांडून थांबलो, तर तो लबाडपणा होईल. शेजार तोलून बोलायला शिकवतो तसा गप्प बसायलाही शिकवतो. हॉटेलवाला सरपंचाचा भाऊ असेल तर तेल काळे आहे हे कोण सांगणार? आणि सांगण्याचा अधिकार गावात सर्वांना सारखा कधी होता? एकेकाळी गावोगावच्या हॉटेलांतून काही माणसांच्या कपबशा बाहेर वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या असत. 1955 च्या कायद्याने तो गुन्हा ठरला; तरी ज्याची कपबशी वेगळी होती, त्याने गल्ल्यावर जाऊन "चहा पातळ आहे" म्हणायचे कोठल्या बळावर? एकट्या प्रवास करणाऱ्या बाईने मोरीच्या दाराला कडी नाही हे चारचौघांत कसे सांगायचे? या माणसांना मोबाईलवरच्या चार ओळींनी प्रथमच असे मत दिले, की जे लिहिताना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. अनोळखी असणे हा येथे दोष नाही, ते त्यांचे संरक्षण आहे. या एका गोष्टीसाठी बाकीची पुष्कळशी वटवट मी सहन करायला तयार आहे.

तेव्हा मला वाटते, अभिप्राय ही साक्ष आहे. तो निवाडा नव्हे. दाराला कडी नव्हती, वजनात फसवले, पंगतीतून उठवले, ही साक्ष. ती अवश्य द्यावी आणि चव्हाट्यावर द्यावी. "भिकार हॉटेल, कोणी जाऊ नका" हा निवाडा. आणि निवाड्याला दुसऱ्या बाजूचे ऐकावे लागते. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, 1986 मध्ये ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणी तक्रार नेली तर विक्रेत्याला नोटीस जाते, त्याचे म्हणणे मांडायला मुदत मिळते, पावती मागतात. ताऱ्यांच्या दरबारात यांतले काही नाही. विकत घेतलेली स्तुती आणि बनावट नावाची निंदा आवरावी म्हणून भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये अशा अभिप्रायांसाठी एक मानक काढले, हे ठीकच झाले. पण खोटे लिहिणारा त्याने कदाचित सापडेल; खरे लिहिताना अर्धेच लिहिणारा कसा सापडावा?

अर्धे लिहिणारा बहुतेक वेळा आपल्यासारखाच सभ्य माणूस असतो. "वाढणारा पोऱ्या उद्धट होता" एवढे तो लिहितो. मालक ते वाचतो, आणि मालकाला काही होत नाही. रोजावर राबणाऱ्या त्या पोराला मात्र दुसऱ्या दिवशी सांगतात, की उद्यापासून येऊ नकोस. बारा पंगती एकट्याने वाढायला त्याला कोणी ठेवले होते, हे त्या ओळीत आलेले नसते. आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते असेही नाही, कारण तासभर तो तेथे बसून ते पाहतच होता.