दुसरी पसंती

पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना निवडणूक आयोगाचे ते जांभळे स्केचपेन आठवत असेल. यंत्र नाही, बटण नाही. नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहाव्या जागेवर धनंजय महाडिक निवडून आले ते दुसऱ्या पसंतीच्या मतांवर. पहिल्या पसंतीत संजय पवार पुढे होते. आपल्याकडे ही पद्धत आमदार, पदवीधर, शिक्षक अशा मोजक्यांपुरती राहिली. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, जेमतेम १४ लाख वस्तीच्या मेन राज्यात मात्र ती सामान्य मतदारांनी स्वतःसाठी मागून घेतली.

मेनला अपक्षांचे वावडे नाही. जेम्स लाँगली आणि अँगस किंग हे तिथले दोन गव्हर्नर अपक्षच होते. (तिथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री, फक्त त्याला लोक थेट निवडतात.) पण उमेदवार तीन झाले की ‘कोणी कोणाची मते खाल्ली’ हा हिशेब सुरू होतो. २०१० मध्ये रिपब्लिकन पॉल लपाज सुमारे ३८ टक्के मतांवर गव्हर्नर झाले. अपक्ष एलियट कटलर १० हजारांहून कमी मतांनी मागे राहिले, डेमोक्रॅट उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर. पसंतीक्रमाची कल्पना जुनीच होती. या निकालाने तिला धग मिळाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी सार्वमताने ती मंजूर केली.

पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा लांबणीवर टाकला. नागरिकांनी ऐन हिवाळ्यात सह्या गोळा केल्या आणि जून २०१८ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊन तो वाचवला. त्याच दिवशी पक्षांतर्गत निवडणुकांत ही पद्धत प्रथम वापरली गेली. म्हणजे एका हाताने नवा नियम पाळायचा आणि दुसऱ्याने तो वाचवायचा!

खरी कसोटी त्या नोव्हेंबरात लागली. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, दुसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पॉलक्विन पहिल्या फेरीत सुमारे २ हजार मतांनी पुढे होते, पण निम्मी मते कोणालाच नव्हती. गावोगावच्या मतपत्रिका राजधानी ऑगस्टाला आणल्या गेल्या. दोन अपक्ष बाद झाले, त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि डेमोक्रॅट जेरेड गोल्डन सुमारे साडेतीन हजारांनी जिंकले. पॉलक्विन न्यायालयात गेले, तिथेही हरले.

त्यांच्या तक्रारीत अर्थ नव्हता असे नाही. ज्यांनी पुढची पसंती दिलीच नव्हती, त्यांच्या मतपत्रिका अखेरच्या फेरीत हिशेबाबाहेर गेल्या. गोल्डन यांचे ५०.६ टक्के हे उरलेल्या मतांतले. सुरुवातीच्या एकूण मतांशी ताडले तर ते निम्म्याच्या किंचित खाली येतात. बहुमत आपोआप सापडत नाही, नियम ते घडवतो. प्रश्न एवढाच, की नियम कोणी आणि कोणत्या अनुभवातून केला?

त्याचे उत्तर मेनच्या इतिहासातच आहे. पूर्वी तिथे गव्हर्नरला निम्म्याहून अधिक मते लागत. ती न मिळाल्यास निवड विधिमंडळाकडे जाई. १८७९ मध्ये तेच झाले, आणि विधिमंडळात कोण कायदेशीर निवडून आले यावरही वाद पेटला. सशस्त्र लोक ऑगस्टा शहरात जमले. गेटिसबर्गच्या लढाईत नाव कमावलेले जनरल जोशुआ चेंबरलेन यांनी जानेवारी १८८० मध्ये बारा दिवस शांतता राखली. त्याच वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती झाली : गव्हर्नरपदासाठी सर्वाधिक मते पुरेत.

२०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या आणि अशाच तरतुदींवर बोट ठेवले आणि गव्हर्नर व विधिमंडळाच्या सार्वत्रिक निवडणुकीत पसंतीक्रम घटनेत बसत नाही, असे मत दिले. अराजक टाळण्यासाठी लिहिलेले कलम १३७ वर्षांनी सुधारणेच्या आड आले. निवडणुकीचा नियम तटस्थ नसतो. तो मागच्या भांडणाचा तह असतो. तो बदलू नये असे नाही, पण बदलताना तह कशासाठी झाला होता हे वाचावे, आणि तो राखणाऱ्यांनीही ते भांडण अजून उरले आहे का, हे तपासावे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेनमध्ये काँग्रेसच्या दुसऱ्या मतदारसंघातल्या मतदारांनी उमेदवारांना पसंतीक्रम दिले. गव्हर्नरपदालाही तीन उमेदवार होते, त्यांत एक लपाज. तिथे मात्र पसंती एकच द्यायची होती.