वादळाच्या आधीचा गुरुवार

चि. मैथिली,


बफेलोच्या विद्यापीठात तुझा प्रवेश पक्का झाल्याचं कळलं आणि पाठोपाठ तुझ्या आईचा फोन आला, "ताई, तिथल्या थंडीचं कसं व्हायचं गं पोरीचं?" थंडीचं मी बघून घेईन. चांगला कोट, लोकरीचे मोजे, पाणी आत न घेणारे बूट, एवढ्यावर थंडी निभते. माझी काळजी वेगळी आहे आणि ती फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा तुझे बाबा अंधेरीहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले. ती गोष्ट तुमच्या घरात अभिमानाने सांगतात आणि त्या अभिमानाला जागा आहे. पण ती ऐकत वाढलेल्या मुलीच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: काहीही झालं तरी कामावर जायचं आणि काहीही झालं तरी, चालत का होईना, घर गाठायचं. इथे हिमवादळात ही सवय जीव घेते. डिसेंबर 2022 च्या वादळानंतर या शहरात जी माणसं सापडली, त्यातली बरीच रस्त्यावर, बर्फाखाली सापडली. घर गाठायला, नाहीतर मदत शोधायला निघालेली.

नुसता खूप बर्फ पडला म्हणून त्याला इथलं हवामान खातं ब्लिझर्ड म्हणत नाही. वारा ताशी 35 मैल किंवा जास्त, पाव मैलापलीकडचं दिसत नाही, आणि हे निदान तीन तास चालू राहायला हवं. 2022 मध्ये ते 37 तास चाललं. वाऱ्याचे झोत ताशी 70 मैलांच्या वर गेले. अशा वेळी हात लांब केला तर पंजा दिसत नाही, रस्ता कुठला आणि शेजाऱ्याचं अंगण कुठलं ते कळत नाही, आणि श्वास घ्यायला तोंड वळवावं लागतं. वारा थांबला तेव्हा विमानतळावर सव्वाचार फुटांच्या वर बर्फ मोजला गेला.

हे बफेलोच्याच वाट्याला का, तर ईरी सरोवरामुळे. ते लांबट आहे आणि त्याचं एक टोक बरोब्बर आपल्या शहरावर रोखलेलं आहे. थंड वारा त्या लांबीवरून वाहत येताना सरोवराची ऊब आणि ओल उचलतो आणि किनाऱ्याला लागला की बर्फ करून टाकतो. त्याचे पट्टे पडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये ऑर्चर्ड पार्कला साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला आणि काही मैल उत्तरेला त्या मानाने फारच थोडा. म्हणून 'माझ्या खिडकीतून तर ऊन दिसतंय' हा पुरावा कधी धरू नकोस. पुढे सरोवर गोठलं की हा कारखाना बहुधा बंद पडतो. 1977 च्या वादळाआधी मात्र ते आदल्या डिसेंबरातच गोठलं होतं, त्यावर आठवड्यांचा भुसभुशीत बर्फ साठला होता, आणि 28 जानेवारीच्या वाऱ्याने तो सगळा उचलून शहरात आणून ओतला. नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला होता. तरी 29 माणसं गेली, काही तर गाडल्या गेलेल्या गाड्यांमध्ये बसल्या जागी. प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडियर कुंपणाच्या उंचीला आलेल्या ढिगावरून चालत बाहेर पडली, हे इथली म्हातारी माणसं अजून सांगतात.

आता शहराचं. डिसेंबर 2022 चं वादळ येणार हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. हवामान खात्याने दिवसचे दिवस आधी सांगितलं होतं, 'पिढीत एकदा येणारं' असे शब्द वापरले होते. तरी गाड्या बाहेर काढायला बंदी जाहीर झाली ती शुक्रवारी, 23 तारखेला, सकाळी पावणेनऊच्या सुमाराला, आणि लागू झाली साडेनऊला. शुक्रवारी पावणेनऊला लोक कुठे असतात? कामावर. नाताळ दोन दिवसांवर, दुकानं उघडी, मालकाने सुट्टी दिलेली नाही. बंदी नाही म्हणजे जावंच लागतं. मग ती माणसं परतीच्या रस्त्यावर अडकली, त्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, आणि त्या गाड्यांच्या मागे बर्फ हटवणारे नांगर, रुग्णवाहिका, अग्निशामक दलाचे बंब, सगळं रुतून बसलं. कितीतरी घरांत फोन लागूनही मदत पोचली नाही. चाळीसहून अधिक माणसं गेली. महिन्याभरापूर्वीच्या नोव्हेंबरच्या वादळात ही बंदी आदल्या रात्री, गुरुवारीच, घातली होती. म्हणजे कसं करायचं ते ठाऊक होतं. मला याचा राग अजून आहे आणि तो जाऊ नये असं वाटतं.

मेलेल्यांत कोण होतं तेही बघ. शहराच्या हद्दीत गेलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त कृष्णवर्णीय होते. त्यांची वस्ती असलेल्या ईस्ट साइडला जुनी घरं, त्यांत वारा शिरतो. जवळ मोठं किराणा दुकान नाही, गाडी नाही, सुट्टी घेतली तर पगार नाही. शिकागोत 1979 च्या जानेवारीत असंच उघडं पडलं होतं. तिथल्या लोकल गाड्या वेळ वाचवायला मधली स्टेशनं सोडून पळायला लागल्या आणि ती स्टेशनं नेमकी कृष्णवर्णीय वस्त्यांची निघाली. पुढच्याच महिन्यात महापौर मायकल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणूक हरले आणि त्यांना हरवणाऱ्या जेन बर्न पुढे महापौर झाल्या. कोणत्या गल्लीत नांगर आधी जातो यावरून शहर कुणाचं ते कळतं. तुला शहर-नियोजनच शिकायचं आहे, तर हे बघत राहा. मॉन्ट्रियललाही जाऊन ये कधीतरी. तिथे बर्फ नुसता कडेला लोटत नाहीत. भोंगा वाजवून उभ्या गाड्या हलवायला लावतात, बर्फ ट्रकांत भरतात आणि जुन्या खाणीत नेऊन टाकतात. दरवर्षी, गल्लोगल्ली. पैसा लागतो, पण तो लागणार हे तिथे कुणी नाकारत नाही.

मी नर्स होते, तेव्हा माझ्या नजरेतलंही थोडं. वादळ ओसरलं की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे छातीत दुखणारे पुरुष यायचे, पन्नाशी-साठीतले, हातात अजून फावड्याचे वळ. ओला बर्फ फार जड असतो आणि गारठ्यात रक्तवाहिन्या आधीच आक्रसलेल्या असतात. दुसरे यायचे ते गाडीत बसून राहिलेले. इंजिन चालू, हीटर चालू, आणि मागे धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजलेली. त्या धुरातला विषारी वायू आत साठतो, त्याला वास नसतो, झोप येते एवढंच. घर तापवणाऱ्या भट्टीचंही तेच. तिची नळी भिंतीतून बाहेर गुडघ्याच्या उंचीवर निघते. बर्फ चढला की आधी ती मोकळी करायची. आणि गॅसची शेगडी ऊब म्हणून पेटवायची नाही, कितीही मोह झाला तरी.

डिसेंबर 2022 मध्ये लोकांनी लोकांना वाचवलं, तेही सांगते. शेजारच्या चीकटोवागात वादळात अडकलेल्या एका माणसाने शाळेची खिडकी फोडली आणि आसपासच्या गाड्यांमधल्या वीसेक जणांना आत घेतलं. जाताना चिठ्ठी ठेवली: खिडकी फोडली, खाणं वापरलं, माफ करा. पोलिसांनी त्याला शोधून काढलं ते आभार मानायला.

तुझं घर मेन स्ट्रीटपाशी असेल तर आल्या आल्या दोन कामं कर. त्या भट्टीची नळी कुठे निघते ते घरमालकाकडून दाखवून घे. आणि वरच्या-खालच्या मजल्यावर कोण एकटं राहतं ते विचारून त्यांचा नंबर लिहून ठेव, तुझा त्यांना दे. घरात तीन दिवसांचं खाणं, पाणी, औषधं, बॅटरी, एवढं नोव्हेंबरपासून कायम असू दे. वीज गेली तर सगळ्यांनी एका खोलीत, दाराखाली टॉवेल, आणि नळ बारीक धारेने चालू.

कॅम्पसवर नोकरी लागेलच. हवामान खात्याचा इशारा आला की शहर बंदी घालेपर्यंत थांबू नकोस. आदल्या रात्री मला फोन कर. शिफ्टला येणार नाही हे मॅनेजरला कसं कळवायचं, ते आपण दोघी बसून लिहू.

तुझी,
शैलामावशी