तरंगलेले दाणे

कल्याणच्या दुर्गाडी पुलावरून खाडी ओलांडली की कोन गाव लागतं. भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आता गोदामांच्या रांगा आहेत. तरी भिवंडी तालुक्यातल्या शेतकरी घरांतून राब भाजणं आणि भाताच्या बियाण्याची तजवीज अजून संपलेली नाही. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकावं, हा कृषी खात्याचा जुना सल्ला. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे.

प्राथमिक शाळेसाठी याहून चांगला प्रयोग मला सुचत नाही. तिसरी-चौथीच्या मुलाला इथे खराखुरा प्रश्न पडतो: तरंगलेला प्रत्येक दाणा मेलेलाच असतो का? फेकायच्या दाण्यांतले वीस घ्यावेत, बुडालेल्यांतले वीस. दोघांनाही धुऊन दोन ताटल्यांत ओल्या फडक्यावर ठेवावं. पाणी सारखं, जागा सारखी. रोज मोजावं. अर्धवट भरलेला दाणाही कधी कधी रुजतो, पण त्याचं रोप अशक्त निघतं. बुडालेल्यांतलेही एखाद-दोन रुजत नाहीत. मग वर्गात वाद होतो. कुणी म्हणतं पाणी कमी पडलं, कुणी म्हणतं दाणाच किडका होता, आणि खरं काय ते ठरवायला पुन्हा वीस दाणे मोजून घ्यावे लागतात. विज्ञान सुरू होतं ते इथे.

आपल्या वर्गात बहुधा मटकीला मोड आणतात. एका वाटीत पाणी, दुसरी कोरडी. कोरडी मटकी रुजणार नाही हे घरच्या उसळीमुळे मुलांना आधीच ठाऊक असतं, आणि निष्कर्ष फळ्यावरून वहीत उतरलेला असतो. मटकीचा दोष नाही. मुलाला त्यात काही ठरवावं लागत नाही, ही अडचण आहे. शिवाय सजीव एकसारखे वागत नाहीत. दहा चुंबकांना खिळा चिकटतोच. दहा बियांपैकी किती रुजतील, ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच मोजण्याची गरज मुलाला सजीवांकडून जितकी सहज पटते, तितकी दुसऱ्या कशानेही पटत नसेल.

चार्ल्स डार्विनने एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला. उगवलेलं प्रत्येक रोप तो उपटून मोजत गेला. संख्या निघाली ५३७. लागलं काय, तर चिखल, एक भांडं आणि सहा महिन्यांचा धीर.

शिक्षक म्हणतात, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हा दाण्यांचा प्रयोग कसा बसवायचा? तक्रार खरी आहे. बी तासिकेची घंटा पाहून रुजत नाही. पण रोज परिपाठानंतरची पाच मिनिटं पुरतात. ती वेळापत्रकात अधिकृतपणे हवीत, शिक्षकाच्या हौसेवर सोडलेली नकोत. आणि परीक्षा बदलायला हवी. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात माध्यमिकपूर्व वर्गांतली मुलं शेतात हिंडून, स्वतः प्रयोग करून शिकत, आणि परीक्षेत पुस्तक-वही उघडून बसत; प्रयोगाचीही परीक्षा होई. सरकारने २००२ साली तो बंद केला, याची खंत आजही वाटते. अंकुरणाची व्याख्या विचारणारी परीक्षा असेल, तर शिक्षक व्याख्याच पाठ करून घेणार. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

कोनच्या शाळांना तर खाडीही जवळ आहे. तिवराचं पान जादा मीठ बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी ते भिंगाखाली धरलं की पानावर मिठाचे बारीक कण दिसतात. (चाखू मात्र देऊ नये, खाडीत येणाऱ्या उल्हास नदीच्या पाण्यात कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं.) शेजारच्या आंब्याच्या पानावर असं काही का नसतं, हे मुलांनीच शोधावं. चिखलात शिरायची गरज नाही. मोठ्या माणसाने काठावरून दोन-चार पानं आणून दिली तरी भागतं.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आणि पेरणीही त्याच सुमारास असते. कोनमधल्या आणि आसपासच्या पालकांना विनंती आहे: यंदा मिठाच्या पाण्यावर तरंगलेले दाणे फेकू नका, मूठभर शाळेत पाठवा. आणि गुरुजी-बाईंनो, किती रुजतील ते मुलांना आधी सांगू नका.