आखणी

आषाढातली गोष्ट. पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्ती छतापर्यंत लागल्या होत्या. परदेशी जायच्या त्या केव्हाच गेल्या होत्या, आता मुंबई-ठाण्याची घाई होती.

कोपऱ्यात एक जुना संगणक होता. त्यावर लिनक्स होतं. कुठल्या गावची मूर्ती, किती इंची, पितांबर कुठल्या रंगाचं, सगळी नोंद त्यातच. ऐन घाईत त्याचा माउस बिघडला. हात न लावताही पडद्यावरचा बाण थरथरायचा आणि भलत्याच ओळीवर जाऊन बसायचा. एकाची मूर्ती दुसऱ्याच्या नावावर पडायची वेळ आली.

शेठनी रोह्याहून एका मुलाला बोलावलं. नागोठणं, कासू करत तो सकाळच्या गाडीने आला. मुलगा हुशार होता. आल्या आल्या त्याने टर्मिनल उघडलं, एक्सइनपुट या आज्ञेने जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. यादीत माउस होता. त्याने वेग कमी केला. बाण हळू थरथरू लागला, एवढंच. यूएसबीची जागा बदलली. शेवटी माउसकडून येणारे आकडे पडद्यावर लावले. माउस टेबलावर निवांत पडला होता आणि आकडे मात्र धावत होते. मुलाने ते पाहिलं, आणि पुन्हा सेटिंगच्याच फायली उघडल्या.

शेजारी आबा डोळ्यांची आखणी करत होते. आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि ती चुकली तर मूर्ती चुकते. आबा प्रत्येक मूर्तीसमोर आधी नुसते बसत. बराच वेळ तिच्याकडे बघत. मग कुंचला उचलत.

दुपार झाली. मुलगा म्हणाला, "आबा, सगळी सिस्टीमच नव्याने टाकावी लागेल."

"टाक की. पण आधी तो जरा इकडे दे."

आबांनी माउस उलटा केला. पोटाशी लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी तो तिरपा धरला, डोळ्याजवळ नेला. दिव्याच्या भोकात काथ्याचा एक तंतू अडकला होता, पापणीच्या केसाएवढा. साच्यात प्लास्टरबरोबर काथ्या घालतात, त्यातलाच. तो माउस सेकंदाला हजाराहून जास्त वेळा खालची जागा टिपत होता, आणि दर वेळी त्याला तंतूच हलताना दिसत होता. आबांनी सगळ्यात बारीक कुंचला ओला केला आणि तंतू अलगद ओढून काढला.

माउस खाली ठेवला. आकडे थांबले.

आपल्याला जे येतं तिथेच आपण बिघाड शोधत राहतो. मुलाला आज्ञा येत होत्या, म्हणून त्याने आज्ञा दिल्या. आबांना बघणं येत होतं.

मुलगा गप्प बसला. मग तोही बघू लागला. आबांचा कुंचला डाव्या हातात होता.

"आबा, तुम्ही डावरे?"

"जन्मापासून."

"मग माउस उजव्या हाताने का धरता?"

"यंत्राची रीत तशीच असेल म्हटलं, पोरा. बोटं दुखतात खरी."

मुलाने एक ओळ लिहिली. बटणांचा क्रम 1 2 3 होता, तो 3 2 1 केला. माउस उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवला. आबांनी तो धरला, पहिली नोंद उघडली, मग दुसरी. बाण सरळ जात होता. उजव्या हाताला काही काम उरलं नव्हतं. त्यांनी तो मांडीवर ठेवला.