रस्ता कोणाचा, ओझे कोणाचे?

न्याय आणि प्रीती या दोन सद्गुणांचे नाते काय, हा प्रश्न सेमिनरीच्या वर्गात आम्हाला फारसा अवघड वाटला नव्हता. ज्याचे त्याला देणे तो न्याय, आणि आपले दुसऱ्याला देणे ती प्रीती, अशी सुटसुटीत व्याख्या पाठ करून आम्ही परीक्षा दिली आणि उत्तीर्णही झालो. त्या व्याख्येचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी एका कच्च्या रस्त्याने आम्हाला शिकवला. तो रस्ता सातासमुद्रापलीकडचा आहे. तरीही त्यावरून उठलेला वाद वाचताना वाचकांना आपल्याच आळीतील आवाज ऐकू आले, तर त्यात नवल नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. अरण्ये आणि सरोवरे यांची तेथे रेलचेल आहे. उन्हाळ्यात शहरांतील माणसे सरोवरांकाठच्या आपल्या लाकडी घरांत राहावयास येतात. या साध्यासुध्या घरांना तेथे 'कॅम्प' म्हणतात. त्या दिवसांत चर्चमंदिरे भरून जातात आणि धर्मगुरूंची चणचण भासते. अशाच एका धर्मग्रामात २०१५ सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत सेवा करण्याची संधी आम्हाला लाभली. एका शनिवारी सरोवराकाठच्या एका कुटुंबाने आम्हाला जेवावयास बोलावले. जेवणानंतर अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या, शेजारीपाजारी जमले आणि रस्त्याच्या मालकांची वार्षिक सभा सुरू झाली. पाहुणे म्हणून आम्हीही एका कडेला बसलो.

मुख्य डांबरी सडकेपासून सरोवरापर्यंत जाणारा तो मैलभर लांबीचा खडीमातीचा रस्ता; त्याच्या दोन्ही अंगांना वीसेक घरे. रस्ता खाजगी मालकीचा होता. सार्वजनिक पैसा खाजगी रस्त्यावर खर्चू नये, असा तेथील सर्वसाधारण नियम असल्याने नगरपालिका त्याकडे पाहत नसे. अशा रस्त्याची निगा राखणे ही सोपी गोष्ट नव्हे. हिवाळ्यात तेथील जमीन खोलवर गोठते. मार्च-एप्रिलमध्ये वरचा थर वितळतो, पण खालचा गोठलेलाच असतो. त्यामुळे पाण्याला खाली मुरावयास वाट मिळत नाही आणि रस्त्याचा चिखल होतो. या दिवसांना तेथील लोक 'चिखलाचा ऋतू' असेच म्हणतात. मग रस्त्याचा मधला भाग उंच करून दोन्हीकडे उतार द्यावा लागतो, कडेचे चर साफ करावे लागतात, मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा काढावा लागतो आणि वाहून गेलेली खडी पुन्हा टाकावी लागते. ज्यांना हिवाळ्यातही तेथे राहावयाचे आहे, त्यांच्यासाठी बर्फ हटवण्याचा खर्च निराळाच.

राज्याच्या कायद्याने अशा मालकांना एकत्र येण्याची सोय करून दिली आहे. चार किंवा अधिक जमिनींना एका खाजगी रस्त्याचा लाभ होत असेल, तर त्यांपैकी तीन जमिनींचे मालक नोटरीकडे लेखी अर्ज करून सभा बोलावू शकतात. सभा बहुमताने खर्च ठरवते आणि न भरलेला वाटा कायद्याने वसूल करता येतो. प्रत्येकाचा वाटा न्याय्य आणि रास्त असावा, असे कायदा म्हणतो. परंतु न्याय्य म्हणजे नेमका किती, याचे सूत्र ठरवण्याचे काम तो सभेवरच सोपवतो. आणि सारे भांडण तर तेथेच होते!

सडकेलगतच्या पहिल्या घरात एक निवृत्त बसचालक राहत असत. ते म्हणाले, "मी या रस्त्याचा दोनशे फूट भाग वापरतो. पुढच्या मैलाचे पैसे मी का द्यावेत?" अगदी शेवटच्या, पाण्याला लागून असलेल्या प्रशस्त घराच्या मालकांचे म्हणणे पडले, "रस्ता एक, संघ एक. मग वाटाही सर्वांचा सारखा असावा." बारमाही राहणाऱ्या एका जोडप्याचे म्हणणे असे, की बर्फ हटवला नाही तर रुग्णवाहिका आणि आगीचा बंब घरापर्यंत पोहोचणार कसा? उन्हाळ्यापुरते येणारे उत्तरले, "हिवाळ्यात आमची घरे बंद असतात, तुमच्या बर्फाशी आमचा काय संबंध?" या सर्वांत एक नाव वारंवार निघत होते. एक वृद्ध विधवा बाई दोन उन्हाळे तेथे आल्याच नव्हत्या. तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून त्यांना वाटा भरणे जमत नव्हते आणि पतीने स्वतःच्या हातांनी बांधलेले घर विकणे त्यांच्या जिवावर येत होते. सारखा वाटा ठरला, तर घर विकण्यावाचून त्यांना गत्यंतर उरणार नव्हते.

कोणीतरी आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा." आम्ही क्षणभरही विचार न करता संत पौलाचा आधार घेतला: ख्रिस्ती माणसांनी एकमेकांचे भार वाहावेत. सारखा वाटा काढा आणि त्या बाईंचा वाटा सर्वांमध्ये वाटून टाका! आपण मोठे समर्पक बोललो, असे आम्हाला वाटले. तोच पहिल्या घरातील ते गृहस्थ अत्यंत शांतपणे म्हणाले, "फादर, त्यांचे ओझे वाहावयास मी तयार आहे. परंतु ते ओझे मतदानाने माझ्या डोक्यावर ठेवले गेले, तर ते मी वाहिले असे कसे म्हणता येईल?" आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्ही गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय पुन्हा उघडला. दुसऱ्या ओवीत संत पौल एकमेकांचे भार वाहण्याची आज्ञा करतो, आणि केवळ तीन ओव्यांनंतर, पाचव्या ओवीत, प्रत्येकाला स्वतःचे ओझे स्वतःच वाहावे लागेल असे बजावतो. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटते. मूळ ग्रीकमध्ये मात्र शब्द दोन आहेत. दुसऱ्या ओवीतील 'बारोस' म्हणजे माणसाला दडपून टाकणारा भार. पाचव्या ओवीतील 'फोर्तियोन' म्हणजे ज्याच्या-त्याच्या वाट्याचे, उचलता येण्याजोगे ओझे. आपले ओझे हलके आहे असे प्रभू येशू सांगतो, तेव्हा मत्तयच्या शुभवर्तमानात हाच शब्द आलेला आहे. संत पौलाने दोन्ही आज्ञा दिल्या, पण त्यांची सरमिसळ केली नाही. ती आम्ही केली होती.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण नेहमी ऐकतो. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही मळ्याच्या धन्याने दिवसभराची मजुरी दिली. या धन्याच्या औदार्यावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील! पण एक साधी गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. धन्याने ते जास्तीचे पैसे स्वतःच्या थैलीतून दिले. पहाटे आलेल्या मजुरांच्या मजुरीतून ते कापून घेतले नाहीत. ठरलेली मजुरी त्यांना पूर्ण मिळाली. आधी करार पाळला गेला, मग औदार्य आले. दुसऱ्याच्या थैलीत हात घालून उदार होणाऱ्या बहुमताला त्या धन्याची उपमा देता येत नाही.

मग न्याय्य वाटा कसा ठरवावा? हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील रोमच्या 'बारा पट्टां'च्या कायद्यात वाटेच्या अधिकाराचा रस्ता सरळ असेल तेथे आठ फूट आणि वळणावर सोळा फूट रुंद असावा, असे ठरवून दिले होते. पुढे रोमन कायद्याने असे तत्त्व मांडले, की ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्याने केवळ ती जाऊ द्यावी. तिच्यासाठी राबण्याचे बंधन त्याच्यावर नाही. आपल्या देशातील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे २५ वे कलमही वाटेच्या डागडुजीचा खर्च वाट वापरणाऱ्यावरच टाकते. फिनलंडमध्ये सरोवराकाठच्या उन्हाळी घरांची संख्या फार मोठी आहे. तेथे खाजगी रस्त्यांच्या वापरकर्त्यांचे संघ असतात आणि कोण किती अंतर जातो व किती वजनाची वाहतूक करतो, यावरून प्रत्येकाचा वाटा काढतात. २०१९ च्या आरंभापासून तेथे यासंबंधीचा नवा कायदा लागू झाला आहे. या सर्वांचा मथितार्थ एकच: ज्याला लाभ, त्याला भार, आणि जितका लाभ, तितका भार.

तर मग पहिल्या घरातील गृहस्थांचे दोनशे फूट हेच अंतिम उत्तर मानावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्या सभेत एक मालक गैरहजर होता, आणि तो म्हणजे ते सरोवर. सतराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या एका वटहुकमापासून, म्हणजे मेन राज्य १८२० मध्ये वेगळे होण्याच्याही पूर्वीपासून, तेथील दहा एकरांहून मोठी नैसर्गिक सरोवरे जनतेची ठेव मानली जातात. घरे खाजगी, रस्ता खाजगी, पाणी मात्र सर्वांचे! आणि निगा न राखलेल्या रस्त्याची माती पावसाबरोबर त्याच पाण्यात जाते. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस जातो, त्यावर शेवाळ माजते आणि आरशासारखे पाणी हिरवे पडते. म्हणूनच धोक्यात आलेल्या सरोवराच्या रक्षणासाठी खाजगी रस्त्याच्या दुरुस्तीवर सार्वजनिक पैसा खर्चण्याची मुभा तेथील कायद्याने काही अटींवर नगरपालिकांना दिली आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की वस्तू स्वतःकडे बाळगण्याचा हक्क माणसाला आहे, पण तिचा वापर मात्र ती सर्वांची आहे अशा भावनेने करावा. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात खाजगी मालमत्तेबरोबरच सृष्टीतील संपत्ती सर्व मानवांसाठी असल्याचे प्रतिपादन केले आहे. दोनशे फूट वापरणाराही त्याच सरोवरात नातवंडांना पोहावयास शिकवत होता. तेव्हा त्याचा लाभ दोनशे फुटांवर संपत नव्हता.

ऑगस्टमध्ये पुन्हा सभा भरली. या वेळी आम्ही मौन पाळले, आणि सभेने आमच्यावाचून उत्तम निर्णय घेतला. मोऱ्या, चर आणि पाण्याचा निचरा यांचा खर्च सर्वांत सारखा वाटावा, कारण सरोवर सर्वांचे आहे. खडी आणि सपाटीकरण यांचा खर्च अंतराप्रमाणे द्यावा. बर्फाचा खर्च हिवाळ्यात राहणाऱ्यांनी करावा. आणि ज्यांना वाटा पेलवत नाही, त्यांच्यासाठी एक वेगळी पेटी ठेवावी. तीत कोणी किती टाकले याची नोंद नसावी. त्या वृद्ध बाईंना पेटीविषयी कळवले, तेव्हा त्यांचे चार ओळींचे उत्तर आले. त्यातील आशय आम्ही विसरलो नाही. त्यांनी विचारले होते, "माझा वाटा किती होतो, ते आधी मला नेमके कळवा. तो माझा आहे, हे मला ठाऊक असले पाहिजे. मग दुसऱ्या कोणी तो भरला, तर मला त्यांचे आभार मानता येतील."

न्यायाचा हिशेब आधी चोख झाला, तरच प्रीतीला स्वतःचे नाव घेऊन पुढे येता येते. हिशेबच नसेल, तर देणाऱ्याला आपण लुबाडले गेलो असे वाटते आणि घेणाऱ्याला आभार कोणाचे मानावेत ते कळत नाही.

हे लिहिताना आम्हाला आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात क्रुसाकडे जाणाऱ्या वाटेसाठी आम्ही घरामागे सारखी वर्गणी बसवली होती, आणि न देणाऱ्यांची नावे चर्चच्या फलकावर लावली होती. एका घरची माणसे त्यानंतर कित्येक महिने रविवारच्या मिस्साला आली नाहीत. ती वाट ते कधी वापरत होते का, आणि त्यांना ती रक्कम पेलवत होती का, हे दोन्ही प्रश्न आम्ही विचारले नव्हते. वाट पूर्ण झाली, पण त्या घराची वाट आम्ही बंद केली. पुढे आम्ही त्यांच्या दारी गेलो, क्षमा मागितली, आणि त्यांनी ती दिली. परंतु फलकावरचे नाव खोडता आले तरी गावाच्या स्मरणातून ते खोडता येत नाही.

आपल्या वाड्यांतून, आळ्यांतून आणि नव्या इमारतींच्या आवारांतून असे रस्ते आहेतच. पावसाळा सरला की खड्ड्यांबरोबर जुने हिशेबही वर येतात. त्या वेळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, एवढीच आमची विनंती आहे. पहिला प्रश्न सभेत, सर्वांदेखत विचारावा: माझा वाटा किती? दुसरा घरी, प्रार्थनेच्या वेळी, स्वतःलाच विचारावा: दुसऱ्या कोणाचा वाटा मला उचलता येईल?