दुसरा टर्बो आणि तोच ट्रक

डिझेल पिकअपला दुसरा टर्बो बसवला की ती गाडी पूर्वीचीच राहते, की तिच्या जागी वेगळीच गाडी उभी राहते? वस्तू म्हणजे तिच्या भागांची गोळाबेरीज, की भागांहून निराळे असे काही, हा भारतीय दर्शनांमधला जुना वाद आहे आणि वरचा प्रश्न त्याच वादात मोडतो. दर्शनकारांनी रथ, घडा आणि वस्त्र ही उदाहरणे वापरली. इंजिनाचे उदाहरण त्यांहून अवघड आहे, कारण इंजिनाचे भाग एकमेकांवर सतत जोर लावत असतात.

डॉज रॅम या अमेरिकी पिकअपमध्ये 1989 सालापासून कमिन्सचे 5.9 लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले डिझेल इंजिन मिळू लागले. सुरुवातीला त्याची ताकद 160 अश्वशक्ती होती आणि त्याला एक टर्बो कारखान्यातूनच बसवलेला असे. टर्बोची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचे पेटंट 1905 सालचे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा जास्त मिळाली की डिझेलही जास्त जाळता येते. लहान टर्बो चटकन वेग घेतो, पण इंजिन जोरात फिरू लागले की अपुरा पडतो. मोठ्याकडे हवा भरपूर असते, मात्र तो वेग घ्यायला वेळ लावतो. म्हणून हौशी लोक दोन्ही एकामागे एक जोडतात. मोठा टर्बो हवा दाबून लहानाकडे देतो, लहान ती आणखी दाबून इंजिनाकडे पाठवतो. धुराचा प्रवास नेमका उलटा, आधी लहानाकडे आणि मग मोठ्याकडे. यात दाबाच्या पटींचा गुणाकार होतो. दोघांनी दाब प्रत्येकी अडीचपट केला, तर इंजिनाला सव्वासहापट दाबाची हवा मिळते.

एवढ्यावर भागत नाही. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर मोठा लागतो. सिलिंडरमधला दाब वाढला की सिलिंडरवरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, बोल्ट ताणले जातात आणि हेड गॅसकेट फुटते. तेव्हा बोल्ट काढून जास्त मजबूत स्टड घालावे लागतात. वाढलेल्या हवेला पुरेसे डिझेल हवे, म्हणून इंजेक्टर बदलतात. मूळ क्लच घसरू लागतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तग धरत नाही. भार ओढताना धुराचे तापमान 700 अंश सेल्सियसच्या पुढे फार वेळ राहिले, तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनना धोका संभवतो. दुसरा टर्बो बसवण्यापेक्षा तो गाडीला पेलायला लावण्यातच अधिक पैसा आणि वेळ जातो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो. चाक रथ नव्हे, कणा रथ नव्हे, जूही रथ नव्हे. या सर्वांच्या आधाराने चालणारे एक व्यावहारिक नाव म्हणजे रथ. या मताने पाहिले तर ट्रक तोच की दुसरा, हा वाद पोकळ ठरतो. तोच नाव-व्यवहार चालू असेल तर तोच म्हणावे. आक्षेप असा की नाव तेच ठेवल्याने गॅसकेट फुटायचे थांबत नाही. भागांचे एकमेकांशी असलेले नाते नावावर अवलंबून नाही. नागसेनाने भागांची मांडणी नाकारली नाही हे खरे, पण त्याचा रोख ‘मी’पणाच्या भ्रमावर होता, यंत्राचा विचार त्याला करायचाच नव्हता.

वैशेषिक दर्शनाचे उत्तर दुसऱ्या टोकाचे आहे. त्याच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, हा अवयवांहून वेगळे द्रव्य असून समवाय या अविभाज्य संबंधाने अवयवांत राहतो. वस्त्रात एक धागा वाढवला तरी जुने वस्त्र नाश पावते आणि नवे जन्मते. ‘हे तेच’ असे वाटते ते साम्यामुळे. या हिशेबाने एक स्टड बदलला तरी ट्रक नवा होतो. हे टोकाचे वाटले, तरी भागांची जुळणी बदलली की समग्र वस्तू बदलते, हा त्यातला मुद्दा वर्कशॉपमधल्या अनुभवाशी जुळतो. थेसियसच्या जहाजाचे प्रसिद्ध कोडे येथे फारसे उपयोगी पडत नाही. त्या जहाजाच्या फळ्या बदलल्या, काम बदलले नाही. ट्रकमध्ये सामर्थ्यच बदलते.

जैन दर्शनाची मांडणी अधिक समर्पक आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त सत् म्हणजे उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य यांनी युक्त असे सांगितले आहे. द्रव्य टिकते, त्याचे पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात. सोन्याचे कंकण मोडून हार केला तरी सोने तेच. पण कंकणाचे माप हाराला लागू होत नाही. बदललेल्या ट्रकबद्दलही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात, फक्त प्रत्येक विधान कोणत्या बाजूने केले ते सांगावे लागते. फोर्डने 2008 ते 2010 या मॉडेलांत 6.4 लिटरच्या डिझेल इंजिनावर असे जोडटर्बो कारखान्यातूनच दिले. तेथे तीच जोडणी गाडीचे मूळ रूप होते. जुन्या रॅममध्ये ती नवा पर्याय ठरते.

कायदा नकळत याच मार्गाने जातो. अमेरिकेत 1981 पासून गाडीला सतरा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. टर्बो वाढवल्याने तो बदलत नाही. प्रदूषणविषयक मंजुरी मात्र विशिष्ट मांडणीतल्या इंजिनाला दिलेली असते, आणि कॅलिफोर्नियात नव्या भागासाठी राज्याच्या हवा मंडळाचा स्वतंत्र आदेश लागतो. मालक बहुधा पहिल्या बाजूवर बोट ठेवतो: गाडी माझी, तीच आहे. धूर शेजाऱ्यांच्या फुप्फुसात जातो, म्हणून दुसरी बाजू त्याच्या एकट्याच्या मर्जीची उरत नाही. अमेरिकी पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, त्याआधीच्या दशकात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करू देत नाही. जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले.