तिसरी तार

घरात वीज खेळवायला दोन तारा पुरतात. एकीतून प्रवाह येतो, दुसरीतून परत जातो. दिवा लागतो, पंखा फिरतो. तिसरी तार, जिला आपले वायरमन 'अर्थिंग' म्हणतात, ती मात्र वर्षानुवर्षे काहीच करताना दिसत नाही. म्हणून तिच्यासाठी पैसे मागणारा वायरमन गिऱ्हाइकाच्या नजरेत संशयित ठरतो. तो म्हणतो 'अर्थिंग'; गिऱ्हाइकाला ऐकू येतो तो नुसता 'अर्थ'.

"अरे बाबा, वीस वर्षं हेच वायरिंग आहे. काय झालं आम्हांला?" या प्रश्नाला वायरमनजवळ उत्तर नसते, कारण काही झालेले नाही हे खरेच असते. शिवाय तो संशय अगदीच अनाठायी असतो असेही नव्हे. सल्ल्यात देणाऱ्याचाच फायदा असेल तर तो जपून ऐकावा, हा व्यवहार आहे. भिंतीआड काय चालले आहे ते घरमालकाला दिसत नाही. त्याला दिसते ते बिल.

परंतु भिंतीआडचे एकदा समजावून घेतले पाहिजे. फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः फ्यूज, किंवा आता त्याच्या जागी आलेला एमसीबी, राखण करतो ती तारेची, माणसाची नव्हे. एक हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सव्वाचार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते आणि फ्यूज तो निमूटपणे जाऊ देतो. माणसासाठी बसवतात तो आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकला की क्षणार्धात वीज तोडतो. इस्त्रीच्या प्रवाहाचा हा शंभरावा हिस्सादेखील नव्हे. पण याहून अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते.

फ्रिजमधल्या तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला टेकली आणि तिसरी तार नसली, तर फ्यूजला काही कळत नाही. फ्रिज चालूच राहतो. तिसरी तार धड असली तर प्रवाहाचा लोंढा तिच्यातून निघून जातो आणि फ्यूज तिथल्या तिथे उडतो. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन इतर दोघींहून लांब असते ती याचसाठी: आधी आधार जोडला जावा, मग वीज.

आता प्रश्न असा की, तो पत्रा कोणाच्या हाताची वाट पाहत असतो? "घर माझं, जीव माझा, मी बघून घेईन," असे मालक म्हणतो. ऐकायला हे स्वातंत्र्य वाटते. पण ओल्या हाताने, अनवाणी पायाने फ्रिजला हात लावते ती बहुधा भांडी घासणारी बाई, शाळेतून आलेले पोर, नाहीतर उद्याचा भाडेकरू. त्यांना कोणी विचारलेले नसते. स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क एक वेळ मान्य करू. दुसऱ्याचा जीव पणाला लावून आपले पैसे वाचवण्याला हक्क म्हणता येत नाही.

मग वायरमनने काय करावे? "सांगणं आपलं काम," असे म्हणून मोकळे व्हावे? मास्तरकीत एक कळते, की सांगितले म्हणजे पोचले असे नव्हे. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थ यांच्यामध्ये धरून दाखवावा. तो लागला नाही, की दहा वाक्यांचे काम होते. मजुरीत घासाघीस चालेल, काम टप्प्याटप्प्याने चालेल, बटणे साधी चालतील. तिसऱ्या तारेवाचून गीझरला वीज देणे मात्र चालू नये. "मी गेलो तर दुसरा येईल आणि मुकाट्याने जोडून देईल," हे त्याचे दुःख खरे आहे, आणि पोट हातावर असलेल्या माणसाला नकाराचा उपदेश करणे सोपे आहे. तरी दुसरा करील म्हणून आपणच करावे, हा युक्तिवाद कोणत्या पापाला लागू पडत नाही? अर्थिंगची सोय १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होती, ती २०२३ च्या विनियमांतही आहे. पण कायदा स्वयंपाकघरात उभा नसतो, वायरमन असतो.

त्याच्या हट्टाचे यश कोणाला दिसणारही नाही. आणखी वीस वर्षांनी गिऱ्हाईक पुन्हा म्हणेल, "बघा, काय झालं?" आणि काहीच झालेले नसेल.